वर्दीवरचा हार

दसऱ्याच्या दिवशी महाराष्ट्रातल्या कुठल्याही पोलीस ठाण्यात गेलात तर शस्त्रागारातल्या रायफली बाहेर आलेल्या दिसतील. पुसून, तेलपाणी करून त्या ओळीने मांडलेल्या असतात. त्यांना हळद-कुंकू लागलेले असते, वर झेंडूची फुले असतात आणि पुढे नारळ वाढवलेला असतो. ठाण्याच्या गाडीलाही झेंडू आणि आंब्याच्या पानांचा भरघोस हार मिळतो. शहाद्याच्या ठाण्यात हेच, मुंबईत हेच, आणि बेळगावच्या मराठा लाइट इन्फंट्रीच्या केंद्रातही शस्त्रपूजेचा मान असाच. पण ती रायफल दुसऱ्या दिवशी ज्याच्या खांद्याला लागणार, त्या शिपायाच्या गळ्यात हार नसतो. बंदुकीला चालतो, गाडीला चालतो, देवाला आणि पुढाऱ्याला तर चालतोच. वर्दीतल्या माणसाच्या गळ्यात मात्र तो पडलाच तर क्षणभर राहतो आणि लगेच शेजारच्याच्या हातात जातो.

याला काही कारण आहे का? आणि जगात सगळीकडे असेच आहे का? या दोन प्रश्नांसाठी हे प्रकरण. उत्तराच्या वाटेत प्रशांत महासागरातली हवाई बेटे आहेत, आपली ध्वजसंहिता आहे, आणि तापी व सातपुडा यांच्यामधला हा आपला मुलूखही आहे.

आधी वर्दीकडे नीट पाहू. वर्दी ही वाचायची गोष्ट आहे. सैन्यातल्या अधिकाऱ्याच्या खांद्यावर त्याचा हुद्दा असतो. उजव्या खिशावर नावाची पट्टी. डाव्या छातीवर पदके, किंवा रोजच्या वेशात त्या पदकांच्या रंगीत फिती. कर्नल आणि त्याच्या वरच्या हुद्द्यांना कॉलरवर लाल पट्ट्या. समोरून येणारा जवान दहा पावलांवरून हे सगळे वाचतो आणि त्यावरून ठरवतो की सलामी द्यायची की घ्यायची. फितींचा क्रमही ठरलेला आहे, मनाला येईल तशी कोणी लावत नाही. परमवीरचक्राची फीत साधी जांभळी. ते पदक ज्यांनी रेखाटले त्या सावित्रीबाई खानोलकर जन्माने स्वित्झर्लंडच्या आणि लग्नाने मराठी. मेजर जनरल विक्रम खानोलकर हे त्यांचे यजमान. त्या चिमुकल्या कांस्यपदकावर इंद्राच्या वज्राच्या चार प्रतिकृती आहेत. हातभर झेंडूचा हार गळ्यात पडला की वज्र दिसत नाही, फीत दिसत नाही, नाव दिसत नाही. माणसाने आयुष्य घालून कमावलेला मजकूर पाच मिनिटांत झाकला जातो.

दुसरे कारण अगदी हातापायांचे आहे. सलामीला उजवा हात झटक्यात वर जावा लागतो. खांद्यावर शस्त्राचा पट्टा असतो, कमरेला पट्टा असतो. ओला हार तिथे अडकतो, ओघळतो, सुई-टाचणी टोचते. नौदलाच्या पांढऱ्या गणवेशावर झेंडूचा एक पिवळा डाग पडला की तो परिटाकडेही सहजी निघत नाही. लहान गोष्ट वाटेल, पण पांढरा गणवेश पांढराच ठेवायला ज्याने रात्री इस्त्री फिरवली आहे त्याला ती लहान वाटत नाही.

तिसरे कारण मला सर्वांत महत्त्वाचे वाटते. हार कोण घालतो? ठाण्यात नवीन निरीक्षक आले की पहिल्या आठवड्यात सत्काराला कोण कोण येतात, हे तालुक्याच्या गावात राहणाऱ्याला सांगायला नको. व्यापारी येतात, संस्थाचालक येतात, दोन्ही पक्षांचे कार्यकर्ते येतात. त्यांतला एखादा उद्या तक्रारदार असेल, एखादा आरोपी असेल. ज्याने हार घातला त्याचा फोटो त्याच्या मोबाइलमध्ये राहतो. सरकारी नियम करणाऱ्यांना हे ठाऊक होते. केंद्रीय नागरी सेवा (वर्तणूक) नियम 1964 चे. त्यांत सरकारी नोकराच्या सन्मानार्थ होणाऱ्या जाहीर समारंभांवर स्वतंत्र नियम आहे. पूर्वपरवानगीशिवाय मानपत्र घेऊ नये, आपल्या सत्काराच्या सभेला जाऊ नये, असे तो सांगतो. बदलीच्या किंवा निवृत्तीच्या वेळचा खाजगी, घरगुती स्वरूपाचा निरोप मात्र चालतो. भारतीय प्रशासन आणि पोलीस सेवेतल्या अधिकाऱ्यांसाठी 1968 साली जे वर्तणूक नियम झाले त्यांतही हीच तरतूद आहे. नियमात हाराचा उल्लेख असो वा नसो, रोख हारावरच आहे. निष्पक्षपणा हा वर्दीचा प्राण आहे आणि हार म्हणजे कोणाचे तरी प्रेम, कोणाचा तरी हक्क. दोन्ही एका छातीवर मावणे अवघड.

अवघड, पण अशक्य नाही. हे पाहायला हवाईला जावे लागते.

हवाई बेटांवर फुलांच्या, पानांच्या, शिंपल्यांच्या, बियांच्या माळेला लेई म्हणतात. ही चाल पॉलिनेशियातून होड्यांनी आलेल्या पहिल्या वसाहतकारांबरोबर आली. आपल्याकडच्या माणसाने तिथल्या लेई विकणाऱ्या बायकांच्या टोपल्यांत डोकावले तर तो चकित होईल, कारण निम्मी फुले ओळखीची निघतील. तिथली लाडकी पिकाके म्हणजे आपला मोगरा. राजकन्या काइउलानीला मोर आणि मोगरा दोन्ही फार आवडत, म्हणून मोराचे नाव या फुलाला पडले. निशिगंध तिथेही ओवतात. आपल्या देवळांच्या आवारात उभा असणारा खुरचाफा तिथे लेईचा मुख्य आधार आहे. तो झाड म्हणून दोन्हीकडे परका, अमेरिका खंडातून आलेला. आणि रुई! शनिवारी मारुतीला जिची माळ घालतो ती जांभळट-पांढरी रुई हवाईची शेवटची राणी लिलिउओकलानी हिचे आवडते फूल होते. तिथल्या मूळच्या फुलांपैकी इलिमा ही नारिंगी-पिवळी, कागदासारखी पातळ. आपल्या बांधावर उगवणाऱ्या चिकण्याची ती सख्खी बहीण. एका लेईला शेकडो इलिमा लागतात आणि त्या एकेक करून ओवाव्या लागतात. गंभीर प्रसंगाला मात्र फुले बाजूला राहतात आणि मैले नावाच्या सुगंधी वेलीची पाने येतात. ती माळ गळ्यात नुसती सोडायची, टोके बांधायची नाहीत. तिथे एखाद्या वास्तूचे उद्घाटन असले तर दाराशी मैले बांधतात आणि ती कात्रीने कापत नाहीत, गाठ सोडतात.

लेईचे काही नियम सर्वांना पाठ आहेत. कोणी घालत असेल तर नको म्हणू नये. देणाऱ्यासमोर ती गळ्यातून काढू नये. सुकल्यावर कचऱ्यात टाकू नये, झाडावर टांगावी, मातीला किंवा समुद्राला द्यावी. गरोदर बाईला बंद गोलाची माळ घालत नाहीत, टोके मोकळी असलेली देतात. जहाजांच्या काळात बेट सोडून जाणारा प्रवासी डायमंड हेड या टेकडीजवळून जाताना आपली लेई पाण्यात सोडी. ती किनाऱ्याला लागली तर आपण परत येऊ, अशी श्रद्धा. 1928 पासून 1 मे हा दिवस तिथे लेईचा दिवस म्हणून साजरा होतो. त्या दिवशी आपल्याकडे महाराष्ट्र दिनाची संचलने चाललेली असतात.

आता या बेटांवर अमेरिकेची फौज किती आहे हे ध्यानात घ्या. पर्ल हार्बर तिथेच आहे. अमेरिकेच्या प्रशांत विभागाची मोठमोठी मुख्यालये तिथेच आहेत. आणि अमेरिकी सेनेचे वेशनियम किती काटेकोर! मनगटी घड्याळ चालेल, अंगठ्या मोजक्या चालतील, गळ्यातली साखळी असली तर ती दिसता कामा नये. खिशातून काही डोकावता कामा नये. या नियमाच्या अक्षरावर बोट ठेवले तर गळ्यात जाडजूड फुलांची माळ बसतच नाही. तरीही हवाईत एखादा अॅडमिरल निवृत्त होतो, एखाद्या तुकडीची सूत्रे एका अधिकाऱ्याकडून दुसऱ्याकडे जातात, तेव्हा पांढऱ्या गणवेशावर लेई असते आणि तिच्याकडे कोणी डोळे वटारून पाहत नाही. महिनोन्महिने पाण्याखाली राहून परतलेल्या पाणबुडीच्या मनोऱ्यालाही फुलांची प्रचंड लेई चढवतात आणि धक्क्यावर उभ्या बायकामुलांच्या हातांत छोट्या लेई असतात. जिथे फौज राहते तिथल्या माणसांची रीत तिने समारंभापुरती आपल्या अंगावर घेतली. कवायतीत नाही, पहाऱ्यावर नाही, लढाईत तर नाहीच.

ही सवलत केवळ पर्यटनाच्या हौसेने मिळालेली नाही. तिच्या मागे एक जुना आणि कडू इतिहास आहे. 7 डिसेंबर 1941 रोजी जपानने पर्ल हार्बरवर बॉम्ब टाकले आणि हवाईत जन्मलेली, जपानी आईबापांची मुले एका रात्रीत संशयित ठरली. त्याच मुलांनी पुढे सैन्यात जाण्यासाठी रांगा लावल्या. 28 मार्च 1943 रोजी होनोलुलूच्या इओलानी राजवाड्यासमोर अडीच हजारांहून अधिक स्वयंसेवक जवानांना निरोप द्यायला शहर लोटले. हीच मुले 442 व्या रेजिमेंटमध्ये गेली, इटली आणि फ्रान्समध्ये लढली, आणि आकारमानाच्या व सेवाकाळाच्या हिशेबाने अमेरिकेच्या सर्वाधिक सन्मानित तुकड्यांत तिची गणना झाली. ज्यांच्या निष्ठेवर सरकारने शंका घेतली त्यांना घरच्यांनी फुले घालून पाठवले. त्या फुलांत ‘तू आमचाच’ असे म्हणणे होते. वर्दी देश देतो. ‘आमचा’ म्हणण्याचा अधिकार गावाकडे राहतो.

युद्धकाळात प्रवासी जहाजे बंद झाली आणि लेई ओवणाऱ्या बायकांचा धंदा बसला. तेव्हा सैन्याने त्यांतल्या अनेकींना कामावर घेतले आणि त्यांच्याकडून तोफा, ठाणी, गाड्या झाकायची छलावरणाची जाळी विणून घेतली. फुले गुंफणारी बोटे हिरव्या-तपकिरी चिंध्या गुंफू लागली. मला ही घटना फार मोलाची वाटते, कारण हार आणि फौज यांचे नाते तिथे गळ्यापुरते राहिले नाही. आणि युद्धानंतर होनोलुलूच्या पंचबाउल या विझलेल्या ज्वालामुखीच्या मुखात जी राष्ट्रीय युद्धस्मशानभूमी झाली, तिथे दरवर्षी मे महिन्यातल्या स्मृतिदिनाला प्रत्येक थडग्यावर लेई असते. शाळेतली मुले, बालवीर आणि गावकरी त्या हजारो माळा घरी बसून ओवतात.

आपल्याकडे हाराची रीत याच्या उलट आहे, आणि ती समजून घेतल्याशिवाय हवाईचा कित्ता गिरवता येणार नाही. तिथे माळ गळ्यातून काढणे हा देणाऱ्याचा अपमान. आपल्याकडे ती गळ्यात ठेवणे हा गर्व. व्यासपीठावरचा पाहुणा हार पडताच दोन्ही हातांनी उतरवून टेबलावर ठेवतो, नम्र माणूस तर तो हातातच झेलतो आणि घालणाऱ्याच्याच गळ्यात टाकतो. दिवसभर हार घालून फिरणारे आपल्याकडे दोनच, नवरदेव आणि तसबीर. या सवयीचा वर्दीला खरे तर फायदा आहे. हवाईत लेई काढायची नाही म्हणून नियम वाकवावा लागला. इथे हार पटकन काढणे हीच सभ्यता असल्याने नियम आणि रीत यांचा मेळ आधीच अर्धा बसलेला आहे.

आणि आपल्या राष्ट्रीय नियमांतही फुलाला जागा आहे, फक्त ती मोजून दिलेली आहे. 26 जानेवारी 2002 पासून लागू झालेली भारतीय ध्वजसंहिता वाचा. ध्वज फडकवण्यापूर्वी त्याच्या घडीत फुलांच्या पाकळ्या ठेवायला तिची हरकत नाही. म्हणून तर शहाद्याच्या शाळांच्या पटांगणांवर दोरी ओढली की मुलांच्या डोक्यांवर गुलाबाच्या पाकळ्या पडतात. पण त्याच संहितेत असेही आहे की ज्या स्तंभावर ध्वज आहे त्या स्तंभावर किंवा त्याच्या वर फुले, हार, चिन्ह असे काहीही ठेवू नये. अनेक गावांत ध्वजस्तंभाच्या टोकापर्यंत झेंडूच्या माळा चढवतात. मनात भक्ती असते, पण ते चुकते. पाकळी चालते, माळ चालत नाही. पाकळी क्षणात पडून जाते आणि ध्वज मोकळा राहतो. माळ लटकून राहते आणि ध्वजाशी नजरेसाठी भांडते. वर्दीच्या हाराचा सगळा न्याय या दोन वाक्यांत आहे, असे मी मानतो. सन्मानाने आपले काम करावे आणि ज्याचा सन्मान त्याला झाकू नये.

फौजेनेही एकदा फुले उलट दिशेने वाहिली आहेत. 3 मे 2020 रोजी, कोरोनाच्या टाळेबंदीत, सैन्यदलांनी देशभर रुग्णालयांवर हेलिकॉप्टरमधून पाकळ्या सोडल्या. मुंबईत डॉक्टर, परिचारिका, सफाई कामगार आवारात उभे राहून वर पाहत होते. त्या वेळी टीकाही झाली, की फुलांपेक्षा संरक्षक साहित्य द्या. ती मागणी रास्तच होती. तरी वर्दीने नागरिकाला पुष्पवृष्टी करावी ही कल्पना मला वाईट वाटत नाही.

आता घरी येऊ. शहादा हे गोमाई नदीकाठचे तालुक्याचे गाव. दक्षिणेला तापी, उत्तरेला सातपुडा. 1 जुलै 1998 ला नंदुरबार जिल्हा वेगळा झाला, त्याआधी हे सगळे धुळ्यात आणि त्याही आधी पश्चिम खानदेशात. इथे केळी आणि पपई आहे, गुजर आहेत, भिल्ल-पावरा आहेत, बाजारात अहिराणी, गुजरी, पावरी एकाच हातगाडीभोवती ऐकू येतात. हा मुलूख आणि वर्दी यांचे नाते दोनशे वर्षांचे आहे, आणि ते सुरुवातीला सरळ नव्हते.

पेशवाई बुडाल्यावर खानदेश इंग्रजांकडे आला तेव्हा सातपुडा आणि सातमाळ्यातले भिल्ल त्यांना जुमानत नव्हते. पलटणी पाठवून झाल्या, माणसे मारून झाली, उपयोग झाला नाही. मग मुंबईचे गव्हर्नर माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन यांच्या काळात, 1825 साली, भिल्लांचीच एक पलटण उभारायचे ठरले. तिचे काम जेम्स औट्रम या बावीस वर्षांच्या लेफ्टनंटकडे आले आणि ठाणे झाले धरणगाव. सुरुवातीला कोणी भरती होईना. आपल्याला एका जागी गोळा करून मारतील, अशी धास्ती होती, आणि त्याआधीचे अनुभव पाहता ती खोटी नव्हती. औट्रम त्यांच्याबरोबर वाघाच्या शिकारीला गेला, त्यांच्यात राहिला, आणि हळूहळू खानदेश भिल्ल कोअर उभी राहिली. पुढे ही पलटण मालेगावच्या छावणीत गेली. तिथल्या नेहमीच्या पलटणीतले शिपाई उच्चवर्णीय. ते या भिल्ल शिपायांना जवळ बसवतील का, याची सर्वांनाच धाकधूक. त्या शिपायांनी त्यांना बरोबरीने बसवले, पान-सुपारी दिली. कवायतीत दाखवलेल्या शाबासकीपेक्षा त्या विड्याने अधिक काम केले, असे त्या काळच्या नोंदी वाचताना वाटते. वर्दी घातल्याने माणूस शिपाई झाला, पण विडा मिळाल्यावर तो सोबती झाला. ही पलटण इंग्रजांची होती आणि तिने डोंगरातल्या आपल्याच भावांविरुद्ध बंदूक धरली, हेही लपवायचे कारण नाही. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ती पोलीस दलात मिसळून गेली.

याच डोंगरात वेशाची एक दुसरी शिस्त आहे, फौजेहूनही जुनी. होळीच्या आधी भोंगऱ्या बाजार भरतात. साखरेचे हार-कंगन टांगलेली दुकाने लागतात. खानदेशात होळीला मुलांच्या गळ्यात पडणारा हार हा असा, गोड आणि खाऊन संपणारा. आणि मग अक्कलकुव्यातल्या काठीपासून धडगाव-तळोद्यापर्यंत, शहाद्याच्या उत्तरेकडच्या पाड्यांतही ढोल घुमू लागतात. बुध्या आणि बावा निघतात. अंगभर राखेचे, पिठाचे पांढरे ठिपके, डोक्यावर मोरपिसांचा उंच टोप, कमरेला सुकलेले भोपळे आणि घुंगरांचे पट्टे. बाहेरून येणारा फोटो काढतो आणि जातो. त्याला दिसत नाही ती ‘पालनी’. नवस बोलून ज्याने हा वेश घेतला त्याने ठरलेले दिवस खाटेवर बसायचे नाही, जमिनीवर झोपायचे, पायांत काही घालायचे नाही, ब्रह्मचर्य पाळायचे. वेश अंगावर आहे तोवर तो अमक्याचा मुलगा, तमक्याचा नवरा राहत नाही. तो नवसाचा होतो. पालनी संपली की वेश उतरतो आणि तो पुन्हा शेतात दिसतो.

वेश माणसाला बांधतो, ही गोष्ट सातपुड्याला कोणी शिकवायची गरज नाही. त्यामुळे ‘खेड्यातल्या लोकांना वर्दीचे नियम काय कळणार’ हे बोलणे मला पटत नाही. नियमामागचे कारण सांगितले तर इथला माणूस ते शहरातल्या माणसाआधी समजेल, कारण त्याच्या घरात पालनी पाळलेली असते.

आता इथला जवान घरी येतो तो प्रसंग पाहा. शहाद्याला रेल्वे नाही. तो सुरत-भुसावळ मार्गावर नंदुरबारला किंवा दोंडाईच्याला उतरतो आणि एसटीने किंवा मित्राच्या गाडीने पुढे येतो. प्रशिक्षण संपवून पहिल्यांदा येणाऱ्याच्या अंगावर बहुधा वर्दी असते, कारण आईला ती बघायची असते. फाट्यावर मित्र हार घेऊन उभे असतात. ‘फौजी उना रे!’ अशी आरोळी उठते. आई भाकर-तुकडा ओवाळून टाकते, पायांवर पाणी घालते, कपाळाला कुंकू लावते. या वेळी कोणी नियमपुस्तक उघडून उभा राहिला तर त्याने ते मिटावे. ती वर्दी ज्या घरातून निघाली तिथे ती परत आली आहे, आणि कुंकवाचा टिळा तिला काहीही कमी करत नाही.

निवृत्तीची मिरवणूक मात्र हल्ली वेगळ्या वाटेने चालली आहे. सातारा-कोल्हापूरकडे ती जुनी. आपशिंगे मिलिटरी, सैनिक टाकळी अशी गावे तिकडे नावातच फौज घेऊन उभी आहेत. पण आता खानदेशातही सोळा-सतरा वर्षे, वीस-बावीस वर्षे सेवा करून आलेल्या जवानासाठी उघडी जीप, डीजे, फुलांचा वर्षाव असतो. गावाने हे करावेच. ज्या माणसाने आपली उमेदीची वर्षे सियाचीन, राजस्थान किंवा ईशान्येला काढली त्याच्यासाठी एक दिवस गाव रस्त्यावर आले तर त्यात अतिरेक काही नाही. पण त्या मिरवणुकीत मी ज्या तीन गोष्टी पाहतो त्या बदलाव्यात असे मला मनापासून वाटते.

पहिली, बेरे ही सैनिकी टोपी काढून वर्दीवर फेटा बांधणे. आपल्या सैन्यात डोक्यावर टोपी किंवा पगडी नसेल तर हाताने सलामी देत नाहीत, सावधान उभे राहतात. यावरून शिरोवेशाचे महत्त्व ओळखावे. फेटा हा मराठी माणसाचा मोठा मान आहे, आणि म्हणूनच तो वर्दीला ठिगळ म्हणून लागू नये. वर्दी बदलून साधे कपडे घालावेत आणि मग फेटा बांधावा. दोन्हींची शान राहते. दुसरी, नोटांचे हार. रिझर्व्ह बँक वर्षानुवर्षे विनंती करत आली आहे की नोटांचे हार करू नका, त्यांना टाचण्या मारू नका, मंडप सजवू नका. सैनिकाच्या छातीवर पदकांशेजारी शंभराच्या नोटा लटकताना पाहणे मला सहन होत नाही. गावाला त्याला पैसे द्यायचे असतील तर पाकिटात घालून घरच्यांच्या हातात द्यावेत. तिसरी, हारांची संख्या. पन्नास मंडळे, पन्नास हार, मानेपासून नाकापर्यंत झेंडू, आणि मधे कुठेतरी तो माणूस. त्याची पदके त्याच्या पोरांनीही त्या दिवशी पाहिलेली नसतात.

एक वेगळी सावधगिरीही हवी. हौसेने भावाची वर्दी चुलतभाऊ घालतो, फोटो काढतो, मिरवतो. सैनिक नसताना सैनिक असल्याचा समज व्हावा या हेतूने तसा वेश करणे हा जुन्या दंडसंहितेच्या 140 व्या कलमाखाली गुन्हा होता आणि नव्या न्यायसंहितेतही तो गुन्हाच आहे. निवृत्त सैनिकानेही वर्दी घालायचे प्रसंग मोजकेच असतात. हे तरुण मुलांना भरतीच्या तयारीच्या वर्गातच सांगायला हवे.

आणि ज्या घरी जवान तिरंग्यात परत येतो तिथे फुलांचे नियम आपोआप शांत होतात. केशरी पट्टा डोक्याकडे असतो. अधिकारी पुष्पचक्र ठेवतात, सलामी देतात आणि मागे सरकतात. हार तिथे घरचे आणतात. अग्नी देण्यापूर्वी ध्वज काढून घेतला जातो, कारण संहितेप्रमाणे तो चितेत जाळायचा नाही, कबरीत पुरायचा नाही. हार मात्र देहाबरोबर जातो. देशाचे ते देशाकडे परत, घरचे ते घरच्याबरोबर. इथे कोणाला काही समजावून सांगावे लागत नाही, आणि हीच वाटणी जिवंतपणीच्या सत्कारातही पाळता येते.

तेव्हा शहाद्यातल्या, नंदुरबारमधल्या आणि ज्या ज्या गावात एखादा मुलगा फौजेत किंवा पोलिसात आहे तिथल्या वाचकांना माझे सांगणे एवढेच. तो आला की आधी त्याला उभा राहू द्या, वडीलधाऱ्यांना सलामी देऊ द्या, त्याचे नाव आणि पदके सर्वांना वाचू द्या. मग गावाच्या वतीने एकच हार घाला, सुती दोऱ्यात ओवलेला, तारेचा नको, आणि तो त्याने लगेच उतरवला तर मनाला लावून घेऊ नका. बाकीच्या मंडळांनी हातात एकेक फूल द्यावे किंवा पाकळ्या उधळाव्यात. आणि पलटणींनी, पोलीस मुख्यालयांनी जवान रजेवर किंवा निवृत्तीवर निघतो तेव्हा त्याला या प्रसंगाविषयी दोन वाक्ये आवर्जून सांगावीत: गावाचा हार नाकारू नकोस, आणि तो फार वेळ गळ्यात ठेवू नकोस.